पांढरा डबा, काळा डबा

काळजी करावी ती आमच्या साडभाऊंनीच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान तुमसरच्या एका राईस मिलसाठी धान खरेदी करतात, आणि इतक्या तयारीने काळजी करणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. कुठलीही वस्तू दुसरीशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पोत्यात नळी खुपसून काढलेले दाणे ते तळहातावर चोळतात, फुंकर घालून कोंडा उडवतात, एक दाणा दाताखाली फोडतात आणि दुसऱ्या पोत्याकडे वळतात. हे सगळं चेहऱ्यावरची रेघ हलू न देता. माल आवडला हे समोरच्याला कळलं की सौदा गेला, हा त्यांचा धंद्यातला नियम. घरातही तोच. ताईंनी केलेली वांग्याची भाजी आवडली, हे त्यांनी ताईंना एकदा तीन दिवसांनी सांगितलं होतं.

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर गेमिंग कन्सोल घ्यायचं मनावर घेतलं आणि आमच्या दोन्ही घरांची झोप उडाली. कारण होतं त्यांची एकुलती एक मुलगी. ती शाळेत असताना बापलेक टीव्हीला कॅसेटचा गेम जोडून तासन्‌तास मोटारींची शर्यत खेळायचे. साडभाऊ हरले की हातातल्या रिमोटला दोष द्यायचे आणि ती हसून लोळायची. आता ती पुण्याला नोकरीला आहे. फोन रोज यायचा, पण जेवलीस का, हो, तब्येत बरी ना, हो, एवढ्यात संपायचा. मग साडभाऊ बराच वेळ फोन हातातच धरून बसायचे. दोन दिवाळ्यांपूर्वी ती सहज बोलून गेली की संध्याकाळी आपण मैत्रिणींशी ऑनलाइन गेम खेळतो, हेडफोन लावून, आणि गप्पांत तास कसा जातो कळत नाही. तो तास साडभाऊंच्या मनात रुतून बसला.

पण घ्यायचा कोणता? कंपन्या दोन, डबे दोन, एक पांढरा, एक काळा. साडभाऊंनी पांढऱ्याला चिन्नोर आणि काळ्याला एचएमटी म्हणायला सुरुवात केली. धानाच्या वाणांची नावं दिल्यावर त्यांना जरा धीर आला असावा. चित्र कुणाचं स्वच्छ, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. काळजी सगळी ऑनलाइनची. आवाज तुटतो का? वर्गणी संपली तर माणूस बोलता बोलता बंद होतो का? तुमसरची लाइट गेली तर पुण्याला काय दिसतं? बपेऱ्याच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या मित्राला इतकं पिडलं, की तो बिचारा भात यायच्या आधीच उठला. नागपूरच्या दुकानात त्यांनी दोन्ही डबे हातावर तोलले, मला हेडफोन घालून दाराशी उभं केलं आणि विक्रेत्याला विचारलं, हळू बोललेलं यातून समजतं का. मग कुठेतरी वाचलं की जुन्या कन्सोलची ऑनलाइन सेवा कंपनी कधीतरी बंद करून टाकते. त्या दिवशी ते थेट वरठीला माझ्या घरी आले. चहा तसाच निवू दिला.

"मास्तर, म्हणजे पोरीशी बोलाचं का नाही, हे आता कंपनी ठरवणार काय?"

मी त्यांना दहादा सुचवलं की पोरीलाच विचारा. तेव्हा त्यांचा चेहरा धान पाहतानासारखा कोरा व्हायचा. विचारलं तर तिला कळणार ना, की आपल्याला हवंय.

शेवटी यंदा पांढरा आला. डबा जोडला, वर्गणी भरली, मोटारींचा नवा गेम घेतला, टीव्हीसमोर खुर्ची मांडली. सौदा असा पक्का झाल्यावर साडभाऊंनी मला शेजारी बसवून मुलीला फोन लावला आणि तिचं खेळातलं नाव विचारलं. तिच्याकडे काळा होता. आणि हा गेम पांढऱ्यावरून काळ्यावरच्या माणसाशी खेळता येत नव्हता. दीड वर्ष सगळं तपासणाऱ्या माणसाने एवढंच तपासलं नव्हतं. फोन स्पीकरवर होता. 

"बाबा, मले काहून नाही विचारलं?"

साडभाऊ खुर्चीच्या कडेला सरकले. मग म्हणाले, "तुले विचारलं असतं तं तुले समजलं असतं."

"काय?"

"मले करमत नाही, हे."

 पलीकडे तिने नाक ओढलं आणि ती म्हणाली की ते ठीक आहे, पण घ्यायचाच होता तर काळा घ्यायचा, तोच चांगला. साडभाऊ खुर्चीत ताठ झाले. दीड वर्षाचा अभ्यास त्यांनी एकदम बाहेर काढला. तीही मागे हटेना. मी चहा घेतला, निघालो, वरठीला पोचलो, तरी दोघांचं चालूच असल्याचं ताईंनी कळवलं.

आता रोज सातला फोन येतो आणि दोघं कन्सोलवरून भांडतात. पांढऱ्या डब्यावर ताईंनी क्रोशाचा रुमाल घातला आहे. परवा गेलो तर साडभाऊ पुन्हा काळजीत. मुलगी म्हणाली होती, काळा विकून टाकते आणि तुमच्यासारखाच पांढरा घेते, म्हणजे सोबत खेळू. मला आनंदच झाला. मी म्हटलं, भाऊजी, जमलं की मग.

"नको म्हटलं मी तिले," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोघांपाशी एकच डबा आला, तं मंग बोलाचं काय, मास्तर?"

सातला अजून बराच वेळ होता. तरी त्यांनी फोन उचलून रेंज आहे ना, ते पाहिलं.