मडगार्डला भोकं आहेत का?

हिवाळ्यात सायकल चालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात, हातमोजे आणि किस्से. हातमोज्यांच्या जोडीतला एक नेहमी हरवतो. किस्से हरवत नाहीत, उलट सांगता सांगता एकाचे दोन होतात.

आमचा कॅनडातल्या कॅल्गरीचा ग्रुप चौघांचा. मी, तेलकंपनीत इंजिनिअर असलेला सावंत, हॉस्पिटलात नर्स असलेल्या विद्याताई आणि वसईचा मेल्विन. चौघंही नदीकाठच्या पाथवेवरून बाराही महिने सायकलनं कामावर जातो. लोक आम्हाला वेडे म्हणतात. आमची त्याला हरकत नाही.

*

सुरुवात माझ्यापासून झाली. जानेवारीत एके दिवशी डोंगरांवरून चिनूक आला. हा गरम वारा सुटला, की दुपारभरात बर्फाचं चिखलपाणी होतं. ते पाणी माझ्या गिअरच्या केबलमध्ये शिरलं आणि रात्रीतून गोठलं. सकाळी उणे सत्तावीस! गिअर सगळ्यात जडवर अडकलेला. चढावर उतरलो आणि सायकल ढकलत ऑफिसला पोचलो.

काही सुचेना, म्हणून सायकल सरळ वॉशरूममध्ये नेली आणि हात वाळवायच्या मशीनखाली धरली. तेवढ्यात आमचे सिक्युरिटीचे सरदारजी आत आले. त्यांनी आधी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नहा ली हो," ते म्हणाले, "तो अब पाउडर भी लगा दो!"

*

त्याच आठवड्यात ग्रुपचा ठराव झाला : पुढची हिवाळी सायकल इलेक्ट्रॉनिक गिअरची. बटण दाबलं, की छोटी मोटर चेन सरकवते. केबलच नाही, तर गोठणार काय? शिवाय चिखलासाठी मडगार्ड हवेतच. पण या दोन्ही गोष्टी एकत्र बसतील अशी फ्रेम मिळणं सोपं नाही. सावंत म्हणाला, "फ्रेमचं माझ्यावर सोडा."

सोडलं. त्यानं बावीस कॉलमांची एक्सेल शीट केली. दुकानात शिरला, की हॅलोच्या आधी त्याचा एकच प्रश्न असे, मडगार्डचे स्क्रू बसायला भोकं आहेत का?

एका सेल्समननं त्याला कार्बनची रेसिंग फ्रेम दाखवली. म्हणे, "सर, ही आमच्या मांजरापेक्षा हलकी आहे."

"भोकं आहेत?"

"नाहीत."

"मग मांजरच द्या!"

घरीही तेच. एकदा सुनीतावहिनी वैतागल्या. "मला बघायला आलास तेव्हा वीस मिनिटांत होकार दिलास! या फ्रेमला सहा महिने?"

सावंतनं स्क्रीनवरून मानही वर केली नाही. "तेव्हा एक्सेल येत नव्हतं मला."

*

विद्याताईंनी मात्र वाट बघितली नाही. ऑक्टोबरातच इलेक्ट्रॉनिक गिअरची तयार सायकल घेऊन मोकळ्या झाल्या. कडाक्याच्या थंडीत गिअरची बॅटरी लवकर उतरते, म्हणून हॉस्पिटलात पोचल्यावर त्या ती काडेपेटीएवढी बॅटरी काढून खिशात ठेवायच्या.

एकदा वॉर्डात वाकताना ती एका आजोबांच्या पलंगावर पडली. आजोबांना दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसवायचा होता. त्यांनी बॅटरी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"हीच का माझी?"

"नाही हो, ही माझ्या सायकलची."

आजोबांनी ती हळूच परत दिली. "प्लीज," ते म्हणाले, "दोन्हींवर लेबल लावा!"

*

मेल्विनच्या जुन्या सायकलला भोकं नव्हती, त्यामुळे मडगार्डही नव्हते. रोज पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा. त्याची आई तेव्हा वसईहून आलेली होती. आठवडाभर त्याची जॅकेटं धुतली आणि मग तिनं कात्री घेतली. दुधाचा चार लिटरचा प्लास्टिकचा कॅन कापला, चाकाच्या वर बांधला. पट्टा बंद!

सावंत टेप घेऊन बघायला गेला. "मावशी, टायर आणि मडगार्डमध्ये गॅप किती ठेवलीत? कमी पडली तर बर्फ अडकतो."

"एक बोट."

सावंतनं मावशींचं बोट मोजलं. पंधरा मिलिमीटर. घरी जाऊन त्यानं शीटमध्ये तेविसावा कॉलम टाकला. त्याचं नाव, 'मावशी'!

*

अखेर नोव्हेंबरात सावंतची फ्रेम आली. स्टीलची, गर्द हिरवी, सगळी भोकं जागच्या जागी. बेसमेंटमध्ये जोडणी त्यानं एकट्यानं केली. कुणाला मदतीला बोलावलं नाही.

मध्ये एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या हिवाळ्यात सुनीतावहिनींची कार बर्फावर घसरून खांबावर गेली होती. उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण त्या हाताला जोर राहिला नाही; लोणच्याची बरणीसुद्धा उघडत नसे. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. डेकेअरमधली नोकरी दोन बसा बदलून करायच्या, आणि एका सकाळी स्टॉपवर पाऊण तास उभं राहून परत घरी आल्या. नोकरी सोडते म्हणाल्या. आम्ही विषय काढला, की म्हणायच्या, "सांगलीला मी कॉलेजात सायकलनं जायचे. आता काय!"

तर ती सायकल बघायला आम्ही तिघं सावंतकडे गेलो. सावंत सहा फुटी. सायकल जेमतेम त्याच्या गुडघ्यांएवढी!

"अरे, ही छोटी आहे!" विद्याताई म्हणाल्या.

"माप चुकलं," सावंत म्हणाला.

दहा महिने मिलिमीटर मोजणाऱ्या माणसाचं माप चुकलं! आम्ही पोट धरून हसलो. दुकानवाले बदलून देतील, असंही सांगितलं. तो म्हणाला, "आता कुठे पॅक करत बसू? सुनीता, तू बघ जरा चालवून."

वहिनी नको नको म्हणत सायकलवर बसल्या. गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. मग टोकाला वळून दिसेनाशा झाल्या. वीस मिनिटांनी परतल्या, तेव्हा नाक लाल आणि डोळ्यांतून पाणी. "वारा फार आहे," म्हणाल्या. सोमवारी डेकेअरला सायकलनं गेल्या. मंगळवारीही गेल्या.

त्या शनिवारी सावंत गराजमध्ये त्याच सायकलच्या टायरात हवा भरत होता. मेल्विन शेजारी उभा राहून सायकल न्याहाळत होता.

"सावंत, माप खरंच चुकलं?"

"हो ना."

"आणि सीट? ती बायकांची आहे."

"तीही चुकली."

मेल्विननं हँडल हातात धरलं. एकेक बटण दाबून बघितलं. "आणि गिअरची सगळी बटणं डाव्या हाताला?"

सावंतनं पंप मारणं थांबवलं नाही.

"सॉफ्टवेअर एरर," तो म्हणाला.