भावानं बांधलेली खोली: नवापूर, खापर आणि तळोद्याजवळचं माहेर

माझ्या भावानं तळोद्याजवळच्या आमच्या गावी माझ्यासाठी एक खोली बांधली. मला न विचारता. संडास-बाथरूम आतच, वर पंखा, पूर्वेला खिडकी. "संक्रांतीनंतर ये, सामानाले टेम्पो धाडसू," असं त्यानं फोनवर सांगितलं आणि मी, त्रेसष्ट वर्षांची, एका दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेली बाई, "बरं" म्हणाले.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून स्वयंपाकघरात फेऱ्या घालायला लागले. ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी परदेशात. नाशिकच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. कायमचं गावी यावं हे भावाचं म्हणणं सगळ्यांनाच पटत होतं. मग मला का बसवत नव्हतं?

ह्यांच्या आजारपणानंतर झोप उडाली होती, तेव्हापासून मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाते. त्या गोळ्यांपेक्षा स्वप्नांबद्दल जास्त विचारतात. त्यांची पद्धत अशी की अबोध मन, म्हणजे मनाचा जो तळ आपल्याला दिसत नाही, तो स्वप्नांतून बोलतो, आणि उतारवयात तर जोरानं बोलतो. माझं स्वप्न एकच. दाराबाहेर कुणीतरी बाई घसा फुटेस्तोवर ओरडतेय, मी आत कडीवर हात ठेवून उभी आहे आणि दार उघडत नाही.

"कोण असेल ती?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही. भांडखोर आहे. मला तिची भीती वाटते."

"तुम्ही शेवटचं कधी भांडलात?"

मला आठवेना. आधी माहेरी, मग सासरी, मग लॅबमध्ये, मी सगळीकडे गुणी. बाई म्हणाल्या, "गुणी राहण्यासाठी जे जे बाहेर ठेवलंत, ते आता आत यायला बघतंय. त्याला शत्रू समजू नका."

आठवड्याभरात मी पिशवी भरली. भावाला "येते" कळवलं, वार मात्र सांगितला नाही.

नवापूर

नाशिकहून सटाणा-पिंपळनेरमार्गे या. थेट गाडी नाही मिळाली तर पिंपळनेरला बदलावी लागते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं ओझं नाही. पिंपळनेरनंतर चरणमाळचा घाट लागतो. वळणं अवघड आहेत, मळमळत असेल तर पुढची सीट धरा. मी मागे बसले होते आणि घाटभर समोरच्या दांड्याला लोंबकळत होते.

नवापूरला मार्था राहते. नाशिकला आम्ही एकाच दवाखान्यात होतो, ती नर्स, मी लॅबमध्ये. निवृत्तीनंतर ती नवऱ्यासोबत गावाबाहेरच्या आपल्या शेतात परतली. घरात ती मावची बोलते, माझ्याशी मराठी. तिनं नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि घरच्या कोंबडीचा रस्सा केला. मी दोन घास खाऊन उठले, अंगणात गेले, परत आले, पुन्हा उठले.

"शकुंतला, तुला विंचू चावलाय का?" मार्था म्हणाली.

मी तिला खोलीचं सांगितलं. स्वप्नाचंही. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "माझी आई सकाळी चुलीपाशी सगळ्यांना स्वप्नं विचारायची. वाईट असेल तर आधी तेच ऐकायची." मग थोडं थांबून, "तुला गावी राहायचंय का?"

"भावानं एवढं प्रेमानं..."

"ते नाही विचारलं मी."

मी ताटं उचलायला लागले. ती दोन दिवस राहा म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चला जाताना तिनं मला स्टेशनवर सोडलं.

नंदुरबार ते... तळोदा नव्हे

नवापूरहून नंदुरबारला रेल्वेनं यावं. शांत प्रवास आहे, खिडकीतून साग आणि भाताची मोकळी खाचरं दिसतात. नंदुरबारला मात्र ह्या दिवसांत नाकाला रुमाल लावा. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, सगळं रान लालभडक, आणि बसमधली अर्धी माणसं खोकत असतात. स्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग होत नाही.

अक्कलकुव्याकडे जाणारी गाडी पकडली. तिकीट तळोद्याचं. तापीचा पूल ओलांडला, केळी आणि ऊस सुरू झाला. माझं माहेरचं रान. प्रत्येक वेळी इथं आलं की छाती भरून येते. ह्या वेळी घाम फुटला.

तळोदा आलं. लोक उतरले. मी बसून राहिले.

"मावशी, तळोदा उनं. उतरानं नही का?" कंडक्टर म्हणाला.

"ही गाडी पुढं कुठवर जाते?"

"खापर."

"मग खापरचं द्या."

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि तिकीट फाडलं. उजव्या हाताला सातपुडा सोबतीला होता. नवं तिकीट मी पर्समध्ये न ठेवता मुठीतच धरून ठेवलं.

खापर म्हणजे गुजरातच्या सीमेजवळचं बाजाराचं गाव. डोंगरातल्या पाड्यांवरून लोक खाली खरेदीला येतात. भिली, गुजराती, अहिराणी, सगळं एकाच हातगाडीपाशी ऐकू येतं. बघण्यासारखं "स्थळ" इथं काही नाही, आणि तरीही दोन तास मी नुसती फिरले. विळे, दोरखंड, प्लास्टिकच्या घागरी, चांदीच्या रंगाचे वाळे. एका जागी थांबणं जमेना. शेवटी पाय दुखले तेव्हा चहाच्या टपरीवर बसले. टपरीवाली माझ्याच वयाची होती.

"किनाकडे आली, बेन?"

"कोणाकडेच नाही."

"मग?"

"अशीच आले."

"एकटीच?"

"एकटीच."

ती "बरं" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी मात्र ग्लास हातात धरून बसले. उभ्या आयुष्यात मी कुणाकडे तरी म्हणूनच कुठे गेले होते. लेक म्हणून, सून म्हणून, बायको म्हणून. "कोणाकडेच नाही" हे शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले होते. भीती वाटली, आणि भीतीच्या खाली चक्क मजाही वाटली. मार्थाच्या प्रश्नाचं उत्तर त्या चहाबरोबर सापडलं. नाही. मला गावी राहायचं नव्हतं.

मुक्कामाला अक्कलकुव्यात मागे आले. हायवेलगत साधे लॉज आहेत, खोली बघून मगच घ्या. मागच्या बाजूची मागा, ट्रकचा आवाज कमी येतो. तिथून भावाला फोन केला.

"कठे शे तू?"

"अक्कलकुव्यात."

"अक्कलकुवामा? तठे कोन शे आपलं?"

"कोनी नही, भाऊ. सकाळी येस मी."

गाव

तळोद्यापासून रिक्षा मिळते. भाऊ ओट्यावर वाट बघत होता. एकाहत्तर वर्षांचा, अजून ताठ. काही बोलायच्या आधी त्यानं मला खोलीत नेलं. भिंतीला माझा आवडता फिकट पिवळा रंग. पलंगाच्या डोक्याशी ह्यांचा फोटो, हार घातलेला. मला रडूच फुटलं. त्याला वाटलं आनंदानं.

जेवताना वहिनीनं वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. नाशिकच्या बाईंच्या शिकवणीत एक गोष्ट मला फार अवघड वाटायची: नको असलेली भावना ढकलायची नाही, शरीरात ती कुठं आहे ते बघायचं. ती गळ्यात होती. मी पाणी प्यायले.

"भाऊ, माले कायमनं आठे ऱ्हावानं नही."

मराठीत मी हे कितीदा मनात घोकलं होतं, पण बाहेर पडलं ते अहिराणीत, आणि फार मोठ्यानं. आवाज चिरका निघाला. वहिनीचा हात भाकरीवरच राहिला.

"काय कमी शे आठे?"

"काहीच नही."

"मग लोके काय म्हनतीन? बहीन एकटी शहरमा पडेल शे!"

"लोकेसले काय म्हनानं ते म्हनू दे!"

तो ताटावरून उठला आणि केळीच्या शेताकडे चालता झाला. जन्मात पहिल्यांदा मी त्याला उलट बोलले होते. जुनी शकू असती तर धावत जाऊन म्हणाली असती, बरं, राहते. मी मागे गेले खरी, पण ते म्हणायला नाही. तो बांधावर बसला होता. मीही बसले. केळीची पानं वाजत होती. तो पायाजवळचं गवत उपटत राहिला.

"घरमा समदा लोके शेतस," शेवटी तो म्हणाला. "पन मन्हासंगे बोलाले कोनी नही. तू उनी असती ते..."

खोली कुणासाठी बांधली होती ते तेव्हा कळलं. तरी शब्द मागे घेतला नाही.

"मी येत ऱ्हासू. रोज फोन करसू. पन घर मन्हं नाशिकमा शे."

तो "हूं" म्हणाला. मान्य केलं की नाही, आजही सांगता येत नाही. दोन दिवस राहिले. निघताना तो ओट्यावरच बसून होता, "सांभाळीसन जाय" एवढंच म्हणाला.

परत नाशिक

काय उरलं? शांती वगैरे नाही. फेऱ्या अजून घालते. फरक इतका की आता खिडकीपाशी थांबून कुठे जावंसं वाटतंय ते विचारते. बाईंकडे साठीपुढच्यांचा एक गट जमतो, त्यात मी नाव घातलं आहे. भावाला रोज फोन करते. पहिले चार दिवस तो "हूं"वर थांबला. पाचव्या दिवशी पपईचा भाव सांगितला, मग गुडघा दुखतो हे सांगितलं. तेही वहिनीला माहीत नव्हतं म्हणे.

परवा दुपारी वहिनीच्या नंबरवरून फोन आला. आवाज अगदी हळू.

"शकूबाई, नाशिकनी गाडी तळोदामातून कोनती शे वो?"

"भाऊ येतोय?"

"नही. मीच येस म्हनी ऱ्हायनू. आठ दिन. तुन्हा भाऊले आजून सांगेल नही."

"कधी सांगशील?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आते," ती म्हणाली. "फोन चालू ठेव."