सासूबाई उत्तरपत्रिकेत कशा आल्या

दूरशिक्षणाच्या तंत्रज्ञान विभागाची प्रमुख म्हणून मी नाशिकमध्ये बरीच वर्षं काढली. हुद्दा भारदस्त, काम मात्र बरंचसं हमालीचं. विद्यार्थी एकीकडे, शिक्षक दुसरीकडे, आणि मधे काही अडलं की फोन मला. इंदिरानगरात घरी आलेले पाहुणे विचारायचे, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" मी सांगायचे, "आमच्याकडे वर्ग आहे, पण खोली नाही. ती नसलेली खोली मी सांभाळते." पाहुणे मान डोलवायचे आणि आपला बिघडलेला मोबाइल काढून माझ्या हातात द्यायचे.

मी मुळात भोचक. कोण काय करतं, का करतं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. या नोकरीत त्या भोचकपणाचा पगार मिळत होता. माझ्या टेबलावर एक मोठा पडदा होता. कोणता पाठ किती जणांनी पाहिला, कुठे थांबवला, कुठे कंटाळून सोडून दिला, हे सगळं त्यावर दिसायचं. सकाळी चहाच्याही आधी मी तो उघडायचे. संख्याशास्त्राच्या एका पाठात बाराव्या मिनिटाला सगळे पळून जातात हे मला माहीत होतं, आणि ते त्या प्राध्यापकांना सांगताना मला थोडा आनंदही व्हायचा, हे कबूल करते.

या आकड्यांवरून मी एक नियम केला होता. सलग दोन सत्रं ज्याचे पाठ जवळजवळ कोणी पाहत नाही, तो अभ्यासक्रम बंद. संस्थेत वशिल्यावर चालणारं पुष्कळ काही होतं. आकडा वशिला ओळखत नाही, असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. नियम मंजूर झाला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

त्या वर्षी डिसेंबरात बंद करायच्या यादीत आहार आणि आरोग्याचा एक अभ्यासक्रम आला. त्याच्यापुढे आकडा होता, पाहणारे एक. पहिल्या सत्रात एक, दुसऱ्याही सत्रात एक. तो शिकवणाऱ्या बाई तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे पाठ असतील तर काम, नाहीतर घरी. पंचवटीत राहायच्या. मी त्यांना फोन करून बोलावून घेतलं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

त्या आल्या त्या कापडी पिशवी घेऊनच. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि उगाच तोंडातून निघून गेलं, "हे जे एक पाहणारे आहेत ते तुम्हीच ना?"

"मी माझंच कशाला ऐकू?" बाई भडकल्या. "घरात ऐकून घ्यायला माणसं कमी आहेत का?"

मग त्यांनी पिशवीतून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे आपटला. नुकत्याच झालेल्या परीक्षेचा होता. "कोणी पाहत नाही म्हणता ना? मग हे वाचा."

मी वाचायला लागले. प्रश्न होता, अन्नातलं लोह अंगी लागण्यासाठी काय करावे. पहिल्या विद्यार्थिनीने लिहिलं होतं, मॅडमच्या सासूबाई पालेभाजीवर लिंबू पिळल्याशिवाय ताट पुढे करत नाहीत. दुसरीनेही तेच लिहिलं होतं. तिसऱ्या पत्रिकेत सासूबाईंच्या हाताचं कौतुक होतं. चौथ्या पत्रिकेत सासूबाई पुन्हा आल्या, या वेळी नागलीच्या भाकरीसकट.

"सासूबाई पुस्तकात आहेत?" मी विचारलं.

"पुस्तकात कशाला असतील? स्टुडिओत बोलता बोलता सांगून गेले मी. फक्त पाठात आहेत त्या. आणि अजून त्यांना हे माहीत नाहीये, कृपा करून बाहेर बोलू नका."

त्याहून गमतीचं पुढे होतं. पुष्कळ पत्रिकांत एक वाक्य जसंच्या तसं होतं, "आपण इथे बघतो आहोत त्याप्रमाणे." आणि त्याखाली काहीच नाही. आकृती नाही, तक्ता नाही, नुसती कोरी जागा. एकीने तर त्या जागेत चौकोन आखून ठेवला होता, रिकामा. पाठात त्या जागी बाईंनी पचनसंस्थेचं मोठं रंगीत चित्र दाखवलं होतं. ज्यांना सासूबाईंचं लिंबूसुद्धा आठवतं, त्यांना ते चित्र कसं आठवू नये? आणि माझा पडदा तर म्हणत होता की पाठ एकाच माणसाने उघडला.

मला आता राहवेना. खरं तर नियमाप्रमाणे मी सही करून मोकळी व्हायला हवी होती. बैठक दहा दिवसांवर होती. पण आकडा एक आणि सासूबाई इतक्या, हे गणित सोडून मला दुसरं काही सुचत नव्हतं. ते एक खातं कुणाचं आहे ते काढलं. सायखेड्याची मुलगी होती. तिला फोन लावला, तर ती म्हणाली, "ते काकांना विचारा. काकाच भरून देतात सगळ्यांना." काय भरून देतात हे नीट विचारायच्या आत तिने काकांच्या दुकानाचा पत्ता सांगितला आणि फोन ठेवला.

शनिवारी सुट्टी होती. चांदोरीवरून नदी ओलांडून सायखेड्याला गेले. दुकान मोबाइल दुरुस्तीचं होतं, एका माणसाला वळता येईल एवढं. काका पन्नाशीचे, डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी फोन उघडून बसलेले. मी कुठून आले ते सांगितलं तेव्हा आधी घाबरले. चोरीचा आळ येतो की काय असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, मला फक्त समजून घ्यायचंय. मग त्यांची कळी खुलली.

"ह्यात हाय सगळं," नखाएवढं मेमरी कार्ड दाखवत ते म्हणाले. "पुतणीनं एकदा उतरवून घेतलं. पण चित्रासकट लय जागा खातं, म्याडम. मंग मी चित्र काढून टाकलं, नुसता आवाज ठेवला. वर भजनं, खाली तुमचे पाठ. बाया घेऊन जातात."

"चित्र काढून टाकलं?" मी जवळजवळ ओरडले. त्या चित्रांवर माझ्या विभागाने किती रात्री जागवल्या होत्या!

"बघणार कधी त्या?" काका शांतपणे म्हणाले. "हात वर, डोळे वर. चला, दाखवतो."

दुकान शेजाऱ्यावर सोपवून ते मला स्कूटरवर मागे बसवून एका द्राक्षबागेत घेऊन गेले. मण्यांच्या विरळणीचे दिवस होते. घड मोकळा व्हावा, राहिलेले मणी टपोरे व्हावेत म्हणून मधले मणी छोट्या कात्रीने कापून काढतात, ते काम. मांडवाखाली वीसेक बाया ओळीने उभ्या होत्या, माना वर, हात वर, कात्र्यांची बारीक कटकट चाललेली. काही गावातल्या, बऱ्याचशा पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या आलेल्या. आणि मधल्या एका तारेला छोटा लाल स्पीकर लटकत होता. त्यातून आमच्या बाई बोलत होत्या. प्रथिनं.

मी तिथेच उभी राहिले. बाई म्हणाल्या, "आता इथे बघा," आणि एकाही बाईने मान हलवली नाही. त्यांच्या लेखी ते वाक्य "नमस्कार मंडळी"सारखं होतं, बोलायची एक रीत. म्हणून परीक्षेतही त्यांनी ते तसंच लिहिलं होतं, आदबीने.

किती जणींनी नाव नोंदवलंय म्हणून विचारलं तर सात-आठ हात वर झाले. म्हणजे वरच होते, जरा हलले. बाकीच्या?

"बाकीच्या आपल्या ऐकत्यात," एक जण म्हणाली. "दिवस जातो चांगला. कळतंय बी काही काही."

घरी परतताना मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. वर्षानुवर्षं मी लोकांच्या डोळ्यांची मोजदाद करत होते. कान मोजायचे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

पण बैठकीत बागेतला स्पीकर चालत नाही. तिथे आकडा लागतो, आणि ती सवय मीच लावली होती. मग मी नोंदणीची यादी घेतली आणि दोन दिवस एकेकीला स्वतः फोन केले. एकच प्रश्न विचारला, पाठ कुठे ऐकता? कुणी म्हणाली बागेत, कुणी कांदा साठवायच्या चाळीत, एकीने सांगितलं शिलाई मशीनवर. "बघता का?" असं विचारलं की पलीकडची बुचकळ्यात पडायची. मग, "बघायला पण असतं का त्यात?"

हे सगळं लिहून मी बैठकीत ठेवलं. संचालकांना आलेखांची भारी आवड, ती मीच लावलेली. त्यांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचाच नियम तुम्हीच मोडताय?"

"मोडत नाही, सर. नियमाने काय मोजायचं तेच मला कळलं नव्हतं."

हे म्हणायला मला आवडलं नाही. कुणाला आवडेल? दोन तास वाद झाला. शेवटी अभ्यासक्रमाला एक वर्ष मिळालं, आणि पुढचे पाठ आवाजासाठीच वेगळे तयार करायचे ठरलं. मी बाहेर येऊन बाईंना फोन केला. त्यांनी आधी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, "मला त्यांना बघायचंय."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी सायखेड्याला गेलो. काकांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नेलं. बाया मांडवाच्या कडेला डबे उघडून बसल्या होत्या. आमच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. असतील कुणी द्राक्षं बघायला आलेल्या. बाई नवी साडी नेसून आल्या होत्या, बिचाऱ्या अवघडून उभ्या. काय बोलावं त्यांना कळेना. समोरच्या डब्यात नुसती भाकरी आणि ठेचा दिसला तशा त्या सवयीने म्हणाल्या, "अगं, याच्यासोबत हिरवं काही नाही का आणलं?"

वीस माना एकदम वर झाल्या.

"अगं बाई, आवाज!" कुणीतरी म्हणालं, आणि मग जो गलका झाला तो विचारू नका. बाईंना हाताला धरून खाली बसवलं, पुढ्यात चार डबे सरकले. सासूबाई कशा आहेत, ही पहिली चौकशी. एकीने त्यांना न्याहाळून स्पष्टच सांगितलं, "मला वाटलं जाड असाल." बाई हसता हसता डोळे पुसत होत्या. मीही पुसले, कशाला लपवू?

काकांनी माझी ओळख करून दिली, की ह्या म्याडमनीच तुमचे पाठ वाचवले. मला ते ऐकायला गोड लागलं. तेवढ्यात पेठकडची एक बाई उठून माझ्याजवळ येऊन बसली. चाळिशीची असेल. हातात अजून कात्री होती.

"ताई, तुम्ही तिथंच असता ना? मंग एक सांगा. ते मातीवाले सर बरे हायेत ना?"

"कोणते सर?"

"मातीचे. शेणखताचं सांगायचे ते. सहा पाठ झाले, सातव्यात गांडुळाचं सांगतो म्हणले, अन् सातवा आलाच नाय. आम्ही दुसऱ्या साली बी काकांना विचारलं. आम्हाला वाटलं, म्हातारे आवाजावरनं वाटायचे, आजारी पडले का काय. ही तर म्हणते," तिने शेजारणीकडे बोट केलं, "गेले असतील."

मला ते सर आठवले. सेवानिवृत्त, तासिका तत्त्वावरच. निरोपाचं पत्र हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभे होते आणि म्हणाले होते, कोणीच पाहत नव्हतं का हो? मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला होता. माझ्या नियमाखाली बंद झालेला तो पहिला अभ्यासक्रम. त्यांच्यानंतर आणखी किती झाले, ते मी त्या क्षणी मोजू शकले असते. मोजले नाहीत.

"सर बरे आहेत," मी म्हटलं. "पाठ मी बंद केले. कुणी ऐकत नाही असं मला वाटलं."

तिने हातातली कात्री खाली ठेवली. रागावली नव्हती. सर जिवंत आहेत म्हणून तिला बरंच वाटलं असावं.

"मंग एकदा विचारायचं ना, ताई," ती म्हणाली.