वहिनीनं फोडलेला आकडा

आमच्या वहिनीला मोठा आकडा दिसला की तो फोडल्याशिवाय, म्हणजे त्याला कशानं पूर्ण भाग जातो ते शोधल्याशिवाय, चैन पडत नसे. एसटीची पाटी असो की गोणीवरचा छाप, "सतरानं फुटला!" म्हणून ती आळीभर सांगत सुटायची. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली पोर, पण तोरा असा की महाडात गणित हिनंच आणलं. मला तिचा मनापासून राग यायचा. आणि ती माहेरी गेली की मला घास गोड लागत नसे, हेही खरं.

दादा, माझा सख्खा भाऊ, हायस्कुलात गणित शिकवायचा. लग्नाआधी त्याच्या साऱ्या गमती माझ्या एकटीच्या होत्या. कुठलेही तीन अंक लिहायचे, तेच पुढं पुन्हा लिहायचे. तो आकडा सात, अकरा आणि तेरा, तिघांनीही फुटणारच. ही जादू मी किती जपली होती! वहिनी आल्या आठवड्यातच पाटीकडे बघून म्हणाली, "त्यात काय हाय? दोनदा लिवलं म्हंजे हजार एकानं गुणलं. सात, अकरा, तेरा त्याच्याच पोटात." दादा खूश होऊन हसला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

उरला एकच आकडा, दादाचा लाडका. ओळीनं सात वेळा एक: अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सहा वेळा एक लिहिला तर तो तिनानं फुटतो, सातानं फुटतो. सातवा एक लावला की कुणालाच दाद देत नाही, असं तो पाहुण्यांनाही कौतुकानं सांगे. "नाय बा फुटत," वहिनी भाकरी थापता थापता कबूल करायची. तिला हरलेली बघून मला काय बरं वाटायचं!

एका दुपारी पाणी प्यायला आत गेले, तर चुलीपुढच्या राखेत तिनं बोटानं गुणाकार मांडलेला. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास, आणि खाली ओळीनं सात वेळा एक. मला बघताच तिनं राख सारखी केली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी फुटला होता म्हणे. मी दादाला सांगायला निघाले, तशी तिनं माझा हात धरला.

"वन्सं, सांगू नका."

एरवी गावभर डांगोरा पिटतेस, आताच काय झालं, असं मी फणकाऱ्यानं विचारलं.

"ते आकडे माझे. ह्यो त्यांचा हाय."

मी ते दादाला कधीच सांगितलं नाही. दादा गेला तो आपला आकडा अभंग आहे याच समाधानात. परवा वहिनीही गेली. तिच्या हुशारीचं मला आता काही वाटत नाही. सोसत नाही ते एवढंच, की तो आकडा मला फुटला असता तर मी तशीच धावत जाऊन दादाला सांगितलं असतं.