तानकाट्यावरची टोपली

ती टोपली महाग होती, हे मी आजही म्हणेन. दोन हजार चारशे रुपयांत जेवढं खाणं यायला पाहिजे तेवढं तिच्यात नव्हतं. मुरबाडच्या भातगिरणीत मी एकतीस वर्षं काट्यावर उभा होतो. शिक्षण चौथी, पण वजनात मला कोणी फसवलेलं नाही. तेव्हा माझा हिशोब चुकला असं काही लिहायचं नाही. हिशोब बरोबर होता. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

माझी बायको श्रावणात गेली. आमचं घर शेणव्याच्या पुढं, वाडीच्या टोकाला. मुलगा आणि सून कल्याणला राहतात. तो एका गोडाऊनला आहे, ती कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्यानं काम करते. आमच्यात ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. भाऊबंद, शेजारी आपापल्या घरचा फराळ आणून देतात, ओटीवर बसतात, चहा घेतात, गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. आमच्याकडंही आले. स्टीलचे डबे, पितळेचे डबे, वर्तमानपत्रात बांधलेल्या करंज्या. चटई पुरेना. मला तेव्हा बरं वाटत होतं, खरं ते सांगतो. अडीच महिने घरात कोणाचा आवाज नव्हता, आणि आता दहा माणसं माझं बोलणं ऐकत बसली होती.

दुपारी मुलगा आणि सून मोटारसायकलवरून आले. सुनेच्या मांडीवर एक मोठी टोपली होती, चकचकीत कागदात बांधलेली, वर सोनेरी फीत. शहरातल्या मोठ्या दुकानात भेट द्यायला मिळते तसली, परदेशी खाऊनं भरलेली.

"हे काय आणलंस गो?" मी विचारलं.

"फराळच आहे बाबा. जरा वेगळा."

शेजारची म्हातारी, माझ्या बायकोची जोडीदारीण, टोपलीवरून हात फिरवून म्हणाली, "पोरीनं नवरीसारखी नटवून आणलीय."

"आतमंदी काय हाय ते तर बघू," मी म्हणालो आणि टोपली उलटी करून पाहिली. तळाला किमतीची चिठ्ठी होती. सुनेनं ती नखानं खरवडली होती, पण आकडे पुरते गेले नव्हते. मी चष्मा लावला आणि ते मोठ्यानं वाचले. मग गिरणीतला माझा जुना सोबती बोलला, "तोल की गड्या. तुझा तर हात बसलाय."

तिथं मी थांबायला पाहिजे होतं.

घरात एक तानकाटा आहे. आकडीला माल टांगला की काटा वजन दाखवतो. गिरणी सोडली तेव्हा मालकानं दिलेला. तो मी ओटीच्या तुळईला बांधला आणि टोपली आकडीला टांगली. तीन किलो दोनशे. मग कागद फाडला. वस्तू एकेक करून चटईवर काढल्या, बरण्या ताटात ओतल्या, डबे रिकामे केले. टोपलीच्या तळाला कागद कापून केलेलं गवत होतं, एक घमेलं भरेल एवढं. टोपली, गवत, काच, पत्रा सगळं वेगळं तोललं. खाणं निघालं नऊशे ग्रॅम.

लोक चव घेत होते. खारट पाण्यातली हिरवी फळं होती. सोबत्यानं एक तोंडात टाकलं आणि उठून अंगणात थुंकला. "लिंबोळी हाय रे ही." चीजचा तुकडा होता, त्याला कोणी हात लावला नाही. बिस्किटं पापडासारखी पातळ, वर मीठ भुरभुरलेलं. मधात घोळलेले बदाम चांगले होते, तेवढं मी कबूल केलं. आणि एका बरणीत संत्र्याच्या चकत्या होत्या, सालीसकट पाकात शिजवून वाळवलेल्या, अर्ध्या चॉकलेटमध्ये बुडवलेल्या.

"नवशे ग्राम," मी म्हणालो. "म्हंजे किलोला सव्वीसशेच्या वर. या भावात म्हशाच्या बाजारात करडू येतं. नि ते वाढतं तरी."

सगळे हसले. "गवत बैलाला चालंल का?" कोणीतरी विचारलं. "कागद हाय तो, पोट फुगंल त्याचं," मी म्हणालो. पुन्हा हसले. सूनही हसली, पण ती हातातली फीत बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मग ती उठली. ताटातली संत्र्याची एक चकती तिनं उचलली, बशीत ठेवली आणि बशी आत नेऊन माझ्या बायकोच्या फोटोपुढं ठेवली.

मी ओटीवरूनच म्हणालो, "फोटोला कशाला? ती असलं काय खात नव्हती."

"एक राहू दे बाबा," ती म्हणाली. एवढंच. चहाचे कप तिनं धुतले, फडकं वाळत घातलं, आणि उजेड असतानाच दोघं निघाली.

शेजारीण मागं थांबली होती. "भाऊजी, पोरीला लागलं हां ते."

"लागंल कशाला? थट्टा होती."

"थट्टा तुमची झाली, जीव तिचा दुखला," ती म्हणाली आणि आपला डबा घेऊन गेली. मी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी बदाम ठेवून घेतले आणि बाकीचं सगळं शेळ्यांपुढं टाकलं, संत्र्याच्या चकत्यांसकट. फोटोपुढच्या चकतीला मुंग्या लागल्या होत्या, तीही टाकली.

त्याआधी सून रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलात का, भाजी काय केली, गोळी घेतली का. दिवाळीनंतर तिचा फोन आला नाही. मुलाचा यायचा, तो ती कामात आहे म्हणायचा. मी दोन महिने तेच धरून चाललो. माणसाला सोयीचं असलं की तो दोनदा विचारत नाही.

पौषात म्हशाच्या जत्रेला मुलगा एकटाच आला. आम्ही बैलांच्या बाजारातून चालत होतो. मी विचारलं, "ती का नाय आली?"

"मी चल म्हटलं. ती नको म्हणाली."

"टोपलीवरनं अजून?"

"टोपलीवरनं नाय." तो थांबला. "टोपली महाग होती ते तिला पण ठावं हाय. आई असलं खात नव्हती, असं तुमी बोललात त्यावरनं."

"मंग खोटं काय बोललो?"

तेव्हा त्यानं सांगितलं. दवाखान्यात असताना त्याच्या आईनं सुनेला गुपचूप सांगितलं होतं की संत्र्याच्या त्या चकत्या एकदा हातात घेऊन बघायच्या आहेत, मिळाल्या तर एक चाखायची आहे. सून कामावरून सुटल्यावर चार दुकानं फिरली. त्या सुट्या मिळत नव्हत्या, टोपलीतच असायच्या. तिला टोपली सापडली तेव्हा माझी बायको शुद्धीवर नव्हती. तेव्हा ती घेतली नाही. दिवाळीला घेतली.

"मला का नाय सांगितलं कोणी?" मी विचारलं.

"तुमालाच इचारलं होतं आईनं. आधी."

मी म्हणणार होतो की नाही विचारलं. तोंड उघडलं आणि आठवलं.

ठाण्याच्या दवाखान्यात ती तीन आठवडे होती. तोंडाची चव गेली होती. पेज दोन चमचे जायची. शेजारच्या खाटेवर एक नोकरी करणारी बाई होती, तिला तिच्या ऑफिसातल्या लोकांनी अशीच टोपली पाठवली होती. माझी बायको कुशीवर होऊन तिच्याकडं बघत राहायची. ती जन्मभर काही ना काही वाळवत आणि मुरवत आली. करवंदं, कोकम, आवळ्याच्या फोडी, फणसपोळी. कोणाकडं नवं काही दिसलं की कसं केलं हे विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्या दिवशी ती मला म्हणाली, "अवो, ती संत्र्याची चकती बगा. सालीसकट हाय. रंग कसा राखला असंल? कडू नसंल लागत?"

तीन आठवड्यांत खाण्याबद्दल तिनं आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता. माझ्याशी तरी पहिला आणि शेवटचा.

मी म्हणालो, "शेरातले लोक सालीचे पण पैशे घेतात. तुला पेज जाईना नि साली पायजेत."

मोठ्यानं म्हणालो. मला हळू बोलता येत नाही, गिरणीच्या आवाजात तसं बोलून चालायचं नाही. शेजारच्या बाईनं तोवर बरणी हातात घेतली होती, झाकण फिरवलं होतं. देणारच होती ती. माझं ऐकून तिनं झाकण पुन्हा लावलं आणि बरणी जागेवर ठेवली. माझी बायको भिंतीकडं वळली. सून खाटेच्या पायाशी चहाचा थर्मास घेऊन उभी होती.

हे मी विसरलो होतो असंही म्हणता येत नाही. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही आहे हेच मला वाटलं नव्हतं. असं मी तिला रोजच बोलत आलो. बाजारात तिनं बांगड्यांना हात लावला की बोलायचो, वडी पाहुण्यांना जास्त वाढली की बोलायचो. ती गप्प बसायची आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणायचो.



पुढच्या आठवड्यात मुरबाडहून एसटी धरली आणि कल्याणला तिच्या दुकानात गेलो. घरी गेलो असतो तर मुलगा मध्ये पडला असता. ती गिऱ्हाइकापुढं ड्रेस पसरत होती. मला बघून घाबरली. "काय झालं बाबा? बरं वाटत नाही का?"

"बरा हाय."

तिनं स्टूल दिलं, पाणी दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर ती काउंटरच्या पलीकडं उभी राहिली. मी म्हणालो, "मला कळलं दवाखान्यातलं. मी चुकलो गो."

ती घड्या घालत राहिली.

"चकत्या शेळ्यांपुढं टाकल्या मी," मी म्हणालो. हे सांगायची गरज नव्हती, पण अर्धं सांगून उठलो असतो तर पुन्हा गेलो नसतो.

तिचे हात थांबले. "फोटोपुढची पण?"

"ती पण."

तिनं ड्रेस बाजूला सारला. मग म्हणाली, "माझी थट्टा केलीत ती मी विसरेन बाबा. मला माहेरी पण असंच बोलायचे. पण आईंना बोललात त्याची माफी मी कशी देऊ? ती माझी आहे का द्यायला?"

मी पाण्याचा ग्लास काउंटरवर ठेवला.

"वर्षश्राद्धाला येशील का?" मी विचारलं. त्याच्यासाठीच मी गेलो होतो. मुलगा येणारच. पण माझ्या बायकोचं पान तिनं वाढावं, दुसऱ्या कोणी नाही, असं मला वाटत होतं.

"येणार. त्यांच्यासाठी येणार. तुमच्यासाठी नाही, हे आत्ताच सांगते."

"बरं," मी म्हणालो.

दुसरं गिऱ्हाईक आलं. तिनं त्याला कोणता रंग पाहिजे ते विचारलं. मी उठलो. दारापर्यंत ती आली नाही, पण तिथूनच म्हणाली, "जेवलात का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

वर्षश्राद्धाला आता पंधरा दिवस आहेत. जेवायला दिवाळीतलीच माणसं असतील, सोबती असेल, शेजारीण असेल. माझी बायको असलं खात नव्हती, हे मी त्यांच्यासमोर बोललो. ते खोटं होतं, तिनं मागितलं होतं आणि मी दिलं नाही, हेही त्यांच्यासमोरच सांगायचं आहे. मोठ्यानं बोलायची सवय आहे, पण हे बोलायची नाही, म्हणून आधी लिहून काढलं. पानं वाढायच्या आधी सांगणार आहे. जेवणं झाली की माणसं हात धुवायला उठतात, मग कोणी ऐकत नाही.