मोठे इंजेक्टर अन् सौंदडचं फाटक

गाडीत टर्बो बसवणाऱ्यांनो, थोडं थांबा अन् हे वाचा. मी सौंदडच्या रेल्वे फाटकाजवळ बंद गाडीत बसून लिहून राहिलो.

टर्बोला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मी मिळाले त्यातले सगळ्यात मोठे टाकले. याच ग्रुपवर तुम्ही म्हणाले होते, "इंजिनाच्या हिशेबानं घे भाऊ." पण मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी उडायची की मी कोणाचं ऐकतो!

आज बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. तिला घेऊन निघालो अन् फाटक पडलं. पुढे पोत्यांचा ट्रॅक्टर, मागे एसटी, बाजूला चिखलानं भरलेली धानाची बांधी. मालगाडी काही येईना.

उभ्या गाडीला पेट्रोल लागतं थोडंसंच. ट्यूनिंगवाल्यानं कितीही कमी केलं, तरी हे इंजेक्टर तेवढं कमी सोडतच नाहीत. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास.

"दादा, बंद कर ना! मले मळमळून राहिलं."

"बंद केली तर चालू नाही होणार, बाई."

शेवटी फाटक उघडलं, अन् तेव्हाच गाडी स्वतःहून बंद पडली. प्लग पेट्रोलनं ओले. एसटीवाला हॉर्नवरचा हात काढेना.

बहिणीनं नव्या साडीचा पदर खोचला अन् सरळ त्या ट्रॅक्टरवर जाऊन बसली. जाता जाता म्हणाली, "तू ये मंग उडत."

लोकांनी गाडी कडेला ढकलली. आता फाटक पुन्हा पडलं आहे.

खरं सांगा, तुमची गाडी दिवसभरात पळते किती अन् उभी राहते किती?