बहुतेककाकू

आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होतील. चौथीत मास्तरांनी त्या लाल शाईने दाखवल्या होत्या, पण दुरुस्त करायच्या आत माझी शाळाच सुटली. अक्षरही वाईट आहे. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही, पण चुकून कोणाच्या हाती लागलीच तर रागावू नये.

साताऱ्यात आमच्या शेजारच्या खोलीत एक काकू राहायच्या. लग्नाकार्यात स्वयंपाक करायच्या. कुठलीही गोष्ट 'बहुतेक' लावल्याशिवाय त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नसे. "आज बहुतेक सोमवार आहे." "ही बहुतेक मेथी आहे." एकदा शिरगणतीचा माणूस आला आणि त्याने नाव विचारलं. "बहुतेक गंगा," काकू म्हणाल्या. तो टाक तसाच धरून बघत राहिला. "अहो, माहेरी गंगा होते, सासरी यमुना झाले. दोन्हीकडची माणसं गेली. आता तुम्हाला लिहायला सोपं पडेल ते लिहा." वय विचारायचं धाडस त्याने केलंच नाही. त्या दिवसापासून सगळी गल्ली त्यांना बहुतेककाकू म्हणू लागली.

मी अगदी उलट. मला सगळं आधी कळायला हवं असे. कुठे जायचं तर तिथे कोण कोण असेल, बसायचं कुठे, कोणी काही विचारलं तर उत्तर काय द्यायचं, हे ठरल्याशिवाय माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. काकूंच्या सामानाच्या याद्या मी लिहायची.

"तांदूळ किती लिहू?"

"लिही, पायली-दोन पायली."

"एक की दोन?"

"अगं, माणसं अजून घरून निघाली नाहीत आणि तू त्यांच्या पोटात शिरतेस!"

मी रडकुंडीला यायची आणि त्या हसत सुटायच्या. हसू आलं की त्यांना उभं राहवत नसे, पोट धरून खाली बसायच्या.

कार्यात एका चुलीवर त्या मोठ्या पातेल्यात आधण उकळत ठेवायच्या. माणसं वाढली की तांदूळ वैरायचे, नाही वाढली तर त्याच पाण्याने भांडी घासायची. पानं किती होतील हे यजमानाने कितीही खोदून विचारलं तरी आकडा सांगायच्या नाहीत. त्यांच्या हातचं कधी कमी पडलं नाही असं मात्र नाही. दोनदा तरी पडलं. तेव्हा त्या स्वतः पंगतीत येऊन म्हणाल्या, "भात संपला. गप्पा मारा, शिजतोय."

मग माझं लग्न ठरलं, सांगलीच्या मुलाशी. आदल्या वर्षी एक जमलेलं ऐन वेळी मोडलं होतं. तेव्हापासून पाणवठ्यावर मी आले की बायकांचं बोलणं थांबायचं. हेही मोडलं असतं तर मला पुन्हा कोणापुढे बसवायची आईची हिंमत नव्हती, आणि बसायची माझीही नव्हती.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गोरज मुहूर्त होता आणि वऱ्हाड सकाळी दहाला यायचं होतं. बारा वाजले तरी पत्ता नाही. वडील मोटारतळावर जाऊन उभे राहिले. मी मागच्या खोलीतून हाक मारली, "काकू, येतील ना हो?"

दुसरं कोणीही 'येतील गं' म्हणालं असतं. "मला काय ठाऊक?" काकू म्हणाल्या. "कळेपर्यंत हे वेलदोडे सोल." मूठभर वेलदोडे त्यांनी माझ्या ओच्यात टाकले आणि चुलीकडे गेल्या. मला इतका राग आला की मी भराभर सोलू लागले.

एवढ्यात दारात मोटार वाजली. "आले, आले!" मामा नारळ घेऊन धावला. तीसेक माणसं उतरली, धुळीने माखलेली, तहानेने बेजार. मला बघायला आलेल्या चौघांपैकी त्यांत एकही दिसेना. आत्या म्हणाली, "मागच्या मोटारीत असतील." पाय धुतले, पंगत बसली, मसालेभात वाढला.

बायकांनी एक मुलगी माझ्या खोलीत आणून बसवली. अंगाला हळद, हातात हिरवा चुडा. मला वाटलं, ही नवऱ्याची बहीण. तिलाही माझ्याविषयी तेच वाटलं. ती लाजण्यात माझ्या वरताण निघाली. अर्धा तास आम्ही दोघी एक शब्द न बोलता वेलदोडे सोलत होतो. शेवटी तिने विचारलं, "तुमचं लगीन झालंय?"

"आज आहे."

"माझं बी आजच हाय."

"कुठे?"

"हितंच की."

मला वाटलं, सांगलीवाल्यांनी दोघींना एकदमच उरकायचं ठरवलंय! "काकूऽऽ!" मी ओरडले. माझा एवढा मोठा आवाज घरात कोणी तोवर ऐकला नव्हता.

ते वऱ्हाड वडूजकडचं होतं. त्यांचा नवरदेव दोन गल्ल्या पलीकडे बाशिंग बांधून वाट बघत होता. ड्रायव्हर म्हणाला, "मांडव दिसला, उतरवली मानसं. त्यो कुनाचा, मला काय म्हायती?" आई कपाळाला हात लावून बसली. जेवण तर जवळजवळ संपलं होतं.

काकू म्हणाल्या, "पहिल्या वाढणीलाच मला वाटलं, ही बहुतेक आपली नव्हेत. पण जेवत्या माणसाला उठवायचं कसं? म्हटलं, मठ्ठा झाला की विचारू." असं म्हणून त्या पोट धरून खाली बसल्या. ते बघून वडूजचे पागोटेवाले हसले, मग आईसुद्धा हसली. काकू त्या वऱ्हाडाला स्वतः पोचवायला गेल्या आणि येताना चार गडी घेऊन आल्या. त्यांच्या डोक्यावर त्या घरच्या स्वयंपाकाची पातेली होती. काकूंनी आमटी चाखली. "ह्यांनी मीठ बहुतेक घातलंच नाही."

ऊन कलंडलं. माझे वेलदोडे कधीच संपले होते, आता मी सालं निवडत होते. गुरुजींनी तिसऱ्यांदा घड्याळ काढलं, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. मोटार उंब्रजच्या पुढच्या चढावर बसली होती. सगळ्यांनी ढकलत ढकलत वर चढवलेली, त्यामुळे सगळे कोळशाने काळे. नवरा कोणता तेच कळेना. काकू ओलं फडकं घेऊन एकेकाचं तोंड पुसत निघाल्या. "हा नव्हे. हे व्याही. हा नव्हे. हा... हा बहुतेक!"

"मुहूर्त टळला का हो?" त्यांच्याबरोबरच मोटारतळावरून परतलेल्या वडिलांनी विचारलं. गुरुजींनी घड्याळ कनवटीला लावलं. "गाई घरी यायची वेळ ना ती? एखादी अजून बाहेर असेलच. धरा अंतरपाट." अंतरपाटाच्या पलीकडे कोणीतरी हसू दाबत होतं. अलीकडे मीही.

दुसऱ्या दिवशी निघताना मी काकूंच्या गळ्यात पडले. "काकू, तिकडे माझं कसं होईल?"

"मला काय ठाऊक? मी सांगली बघितलेली नाही. तू जा, बघ, आणि मला लिही."

"तुम्हाला वाचता कुठे येतं?"

"ते माझं मी बघेन."

मी लिहिलं नाही. रोज वाटे, आणखी थोडं नीट कळू दे, मग लिहू. पहिल्या माहेरपणाला गेले तर शेजारच्या खोलीला कुलूप. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत गेल्या, असं आईने सांगितलं.

तर काकू, लिहिते. जाताना मोटार कराडच्या अलीकडे बंद पडली. पुरुष ढकलायला उतरले. पुढे काय करायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही. शालूचा पदर खोचला आणि उतरले. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, नवी नवरी ना तू!" मग त्याही उतरल्या. आणि हे, माझ्याकडे न बघता, थोडे बाजूला सरकले आणि त्यांनी मला हात टेकायला जागा करून दिली.